पेटीला गळा देणारे गोविंदराव टेंबे

आमच्या गावी विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन असते. पेटीवर माझे वडील बसतात. त्यांची शाळा चौथीतच सुटली; पण 'काळी दोन'चा सूर त्यांना अंधारातही सापडतो. मी बुलढाण्याला कॉलेजात आल्यावर एका जाणकार गृहस्थांनी बोलता बोलता सांगितले, की पेटी हे परके वाद्य, आपले गाणे त्यात मावत नाही. ते शब्द मनाला लागले. घरातला पहिलाच कॉलेजात आलेला मी. उसनेपणाची बोच मला चांगली ठाऊक आहे. म्हणून ग्रंथालयात शोधू लागलो आणि गोविंदराव टेंबे यांचे 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्र हाती आले.

त्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. हार्मोनियम युरोपातून आली. तिचा प्रत्येक सूर आपापल्या पट्टीवर पक्का बसलेला असतो. दोन पट्ट्यांच्या मधे काहीच नाही. मग गळ्यातून निघणारी मींड तिच्यातून निघणार कशी? या उणिवेवर गोविंदरावांनी आयुष्य वेचले.

१८८१ साली जन्मलेले गोविंदराव कोल्हापूरच्या वातावरणात वाढले. पेटी ते मुख्यतः स्वतःच्या कष्टाने शिकले. भास्करबुवा बखले यांना ते गुरुस्थानी मानीत. त्यांच्या मैफलींत साथ करता करता त्यांची गायकी गोविंदरावांच्या बोटांत उतरली. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणेही त्यांनी मन लावून ऐकले. बोटांची चपळाई आणि भात्यावरचा ताबा यांच्या बळावर त्यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला.

वादक म्हणून नाव झालेच, पण संगीतकार म्हणूनही त्यांनी इतिहास घडविला. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. साकी-दिंडीला सरावलेल्या प्रेक्षकांना त्यांनी ठुमरी, कजरी, दादरा अशा उत्तरेकडील गाण्यांचा रंग दाखविला. बालगंधर्वांच्या गळ्यातून ती पदे घरोघरी पोहोचली. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे तिच्यातून बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. १९३२ साली आलेल्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत त्यांचेच, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच!

तरीही पेटीचे परकेपण संपले नव्हते. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल झाली १९७१ मध्ये. गोविंदराव १९५५ सालीच निवर्तले होते. तो दिवस त्यांना पाहता आला नाही. पण त्या तीस वर्षांत गावोगावच्या देवळांतली पेटी काही थांबली नाही.

वाचकहो, वाद्य कुठून आले यापेक्षा त्यातून काय काढले, हे मोठे, असे मला हे चरित्र वाचून वाटते. सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडिलांना हे सारे सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले, पेटीवरचे फडके बाजूला केले आणि मला म्हणाले, बस, भाता तू धर. अजून माझी बोटे चुकतात. पण आता पेटीला हात लावताना संकोच वाटत नाही. हे धैर्य देणाऱ्या त्या थोर कलावंतास माझे विनम्र अभिवादन!