वॉल्ट डिस्ने : उंदराच्या पंगतीचा यजमान

आमच्या घरी वॉल्ट डिस्ने हे नाव कोणी ऐकलेले नाही. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई शेतमजुरीला जाते आणि कॉलेजची पायरी चढणारा घरातला मीच पहिला. पण डिस्नेचा उंदीर आमच्याकडे केव्हाच येऊन राहिला आहे. धाकट्या बहिणीच्या दप्तरावर मिकी माऊस आहे, आणि त्याच्या बनावट पोशाखाचा एक जोड आमच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. त्या पोशाखाचा खुलासा पुढे येईलच. माणूस अनोळखी आणि त्याचा उंदीर घरचा, म्हणून त्या माणसाचे चरित्र वाचावयास घेतले.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागो येथे झाला. बालपणाची चार वर्षे मिझुरी राज्यातील मार्सेलीन या लहानशा गावी शेतावर गेली, आणि तीच काय ती सुखाची. शेती जमली नाही. १९११ साली कुटुंब कॅन्सस सिटीत आले आणि वडिलांनी, इलायस यांनी, वर्तमानपत्रे घरोघर टाकण्याचा धंदा घेतला. नऊ वर्षांचा वॉल्ट आणि थोरला भाऊ रॉय पहाटे साडेतीनच्या सुमारास उठून अंक टाकीत. शाळा सुटली की संध्याकाळचे अंक. हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. इलायस बाहेरच्या पोऱ्यांना मजुरी देत, पण पोटच्या मुलाला नाही. घरात जेवतोस, राहतोस, तीच मजुरी, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब आपल्याकडील पुष्कळ बापांनाही मान्य होईल. वॉल्टने मग वडिलांना न कळू देता जादा अंक मागवून परस्पर विकण्यास सुरुवात केली.

याच वर्षांतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. श्रीमंत घरांच्या ओसरीवर मुले रात्री खेळणी तशीच टाकून झोपी जात. पहाटे अंक टाकावयास आलेला वॉल्ट काही मिनिटे अंधारात त्या खेळण्यांशी खेळे, ती जागच्या जागी ठेवी आणि पुढच्या घराकडे जाई. हे काम त्याने सहा वर्षांहून अधिक काळ केले. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्याने जे उद्यान उभारले, त्याचे मूळ मला त्या ओसरीवर दिसते. चरित्रकार दुसरी कारणे देतात, तीही खरी असतील.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जन्मतारीख बदलून तो रेडक्रॉसमध्ये शिरला आणि फ्रान्सला जाऊन आला. नंतर कॅन्सस सिटीत व्यंगपटांची कंपनी काढली. ती १९२३ साली बुडाली. त्या दिवसांत तो स्टुडिओतच झोपे, अंघोळीला रेल्वे स्टेशनवर जाई आणि डब्यातील घेवड्याचे दाणे गार तसेच खाई. इमारतीच्या तळमजल्यावरील खाणावळीचे ग्रीक मालक त्याला उधारीवर जेवू घालीत. जगातील एवढ्या मोठ्या करमणुकीच्या धंद्याचा धनी एके काळी खाणावळीच्या वहीत उधारीच्या बाजूला होता, हे आमच्या वसतिगृहातील मित्रांना सांगितले तेव्हा त्यांना फार बरे वाटले! डब्यातील दाण्यांची गोडी त्याला जन्मभर राहिली. पैसा आल्यावरही त्याला फ्रेंच पक्वान्नांपेक्षा दोन कंपन्यांचे डबे एकत्र करून गरम केलेले, चिली नावाचे तिखट मटण-घेवड्याचे कालवण अधिक आवडे.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हॉलिवूडमध्ये रॉयच्या साथीने स्टुडिओ काढला. १९२५ साली लिलियनशी लग्न झाले. १९२८ साली ऑस्वाल्ड नावाचा ससा वितरकाने हक्काच्या जोरावर काढून घेतला. तेव्हा नवा नायक हवा म्हणून उंदीर जन्मला. त्याचे मॉर्टिमर हे नाव लिलियनला आवडले नाही, आणि मिकी हे नाव पुढे आले. रेखाटने अब आयवर्क्स याची. मिकीचा आवाज मात्र सुमारे अठरा वर्षे खुद्द वॉल्टचा होता. १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ हा दीर्घ व्यंगपट आला आणि डिस्ने हे नाव घराघरांत गेले.

येथे मला थांबावे लागते. २९ मे १९४१ रोजी त्याच स्टुडिओच्या फाटकाशी चित्रकारांनी संप पुकारला. १९४० चे दोन मोठे चित्रपट तोट्यात गेले होते, युद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती, हे खरे. पण पगारात फार तफावत होती, आणि काम शेकडो हातांचे असूनही पडद्यावर ठसठशीत दिसे ते एकच नाव. संघटनेचा पुढारी आर्ट बॅबिट हा गूफीला घडविणारा चित्रकार. वॉल्टने त्याला कामावरून काढले आणि ठिणगी पडली. संप सप्टेंबरपर्यंत चालला. १९४७ साली वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे साक्ष देताना वॉल्टने संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. वडिलांनी ज्याला मजुरी नाकारली, त्याच मुलाने मोठेपणी मजुरी मागणाऱ्यांना शत्रू मानावे, हे मला समजत नाही. त्याचे भक्त म्हणतात की तो दुखावला होता. असेल, पण पहाटेच्या बर्फात तोही दुखावलाच होता ना? बॅबिट १९९२ साली वारला, आणि २००७ साली कंपनीने त्याला आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले.

आता उद्यानाकडे वळतो. वॉल्टला डायान आणि शेरॉन अशा दोन मुली. शनिवारी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये फिरत्या घोड्यांच्या चक्रावर नेई. मुली चक्रावर आणि बाप बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबाप आणि मुले मिळून मौज करतील अशी जागा का असू नये, हा विचार तेथला. लिलियनला तो पसंत नव्हता, कारण तेव्हाच्या जत्रावजा उद्यानांचा लौकिक घाण आणि उद्धट नोकर असाच होता. कोपनहेगनचे टिव्होली उद्यान पाहून वॉल्टचा निश्चय झाला. पैशासाठी त्याने विम्यावर कर्ज काढले, सुटीचे घर विकले, दूरचित्रवाणी कंपनीशी करार केला. ॲनाहाइम येथील १६० एकर संत्र्यांच्या बागेत वर्षभरात, १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून, डिस्नेलँड उभे राहिले.

१७ जुलै १९५५ हा उद्घाटनाचा दिवस म्हणजे एखाद्या लग्नात वऱ्हाड दुप्पट यावे तसा प्रकार! खोट्या तिकिटांमुळे सुमारे २८ हजार माणसे आत आली. ऊन इतके की ताज्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे पाणी पिण्याचे नळ अपुरे. आणि यजमानाला सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे उपाहारगृहांतील खाद्यपदार्थ संपले. तरी सात आठवड्यांत दहा लाख माणसे येऊन गेली. अग्निशामक दलाच्या नकली ठाण्यावर वॉल्टने स्वतःसाठी छोटे बिऱ्हाड केले होते. तेथून उतरून तो गर्दीत फिरे, रांगेत उभा राही. खाद्यपदार्थाचा कागद माणूस किती पावलांनंतर खाली टाकतो हे पाहून त्याने कचरापेट्यांची जागा ठरविली, असे सांगतात.

सुरुवातीचे मिकी-मिनी मात्र उसने होते. बर्फावरील नृत्याच्या एका फिरत्या कंपनीचे पोशाख तात्पुरते आणले होते. जेवणघरेही पहिल्यांदा बाहेरच्या कंपन्यांकडे होती. रेड वॅगन इन हे मोठे जेवणघर मांसाच्या एका बड्या व्यापारी कंपनीच्या नावे चाले. १९६५ साली ते नव्याने सजून प्लाझा इन झाले. आज त्याच ठिकाणी सकाळी बुफे मांडलेला असतो आणि मिनी व तिची मित्रमंडळी टेबलाटेबलाशी फिरतात. बाहेर उद्यानात पात्रांना भेटावयास रांग लावावी लागते, येथे पात्रेच आपल्याकडे येतात. मुलाच्या ताटलीत मिकीच्या तोंडवळ्याचे वॉफल, बाजूला खुद्द मिनी. जेवणाचा दर अर्थातच चढा असतो. आमच्यासारख्यांनी त्याचा रुपयांत हिशेब करू नये.

पूर्ण मुखवट्याची पात्रे बोलत नाहीत, सारे हातवाऱ्यांनी. आत कोणीही असो, मिकीची सही त्याच वळणाची हवी. आतील माणसाचे नाव पाहुण्याला कळता कामा नये. हा नियम मला पुस्तक वाचण्याआधीच ठाऊक होता. लग्नसराईत आणि वाढदिवसांना मी मिकीचा पोशाख घालून लॉनच्या दारात उभा राहतो, एका वेळचे ४०० रुपये मिळतात. तोंडाच्या जाळीतून जेवढे दिसेल तेवढेच जग. मुले पंज्याला लोंबकळतात, ताटलीतली जिलेबी उंदराच्या तोंडाला लावतात, आणि तेव्हा आतल्या माणसालाही हसू येते, ते बाहेर दिसत नाही एवढेच. हे काम मला कमीपणाचे वाटत नाही. पण बॅबिटबद्दल वाचताना मी त्याच्या बाजूला का झुकलो, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

टेबलाशी मिकी येण्याचा हा थाट रूढ झालेला वॉल्टने पाहिला नाही. पासष्टावा वाढदिवस होऊन दहा दिवस झाले, आणि १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने, स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात त्याचा अंत झाला. फ्लोरिडातील दुसरे उद्यान रॉयने निवृत्ती पुढे ढकलून १९७१ च्या ऑक्टोबरात उघडले. नावात वॉल्ट हा शब्द हवाच, असा आग्रह त्याने धरला, आणि डिसेंबरात तोही गेला. त्या परिसरात १९७७ साली तळ्याकाठी आगबोटीच्या आकाराचे एक उपाहारगृह झाले, त्याला लिलियनवरून एम्प्रेस लिली हे नाव दिले. उंदराचे नाव बदलावयास लावणाऱ्या बाईच्या नावाच्या त्या बोटीवर सकाळी मिकी न्याहारीला येऊ लागला. ती बोट १९९५ साली बंद झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जवळच्या काँटेम्पररी हॉटेलात शेफ मिकी नावाचे बुफेचे जेवणघर सुरू झाले. तेथे मिकी स्वयंपाक्याचा पोशाख करून टेबलांमधून हिंडतो, मुलांच्या खांद्यावर हात ठेवतो, छायाचित्राला उभा राहतो, आणि एक शब्दही बोलत नाही.