रियासतकार सरदेसाई आणि दोन तक्ते

लोणावळ्याहून लोकलने पुण्याला निघालं, की वाटेत कामशेत लागतं. मावळातल्या या गावात इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई राहत. जन्म १८६५, रत्नागिरी जिल्ह्यात. बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे नोकरी केली. १९२५ साली निवृत्त होऊन ते कामशेतला आले. 'मराठी रियासत' लिहिली, म्हणून 'रियासतकार'.

पुढे पेशवे दफ्तरातले निवडक कागद त्यांनी सहकाऱ्यांसह ४५ खंडांत संपादित केले. अडचण अशी, की कित्येक पत्रांवर तारीख-महिना असे, वर्ष नसे. मग पत्रातली माणसं आणि मोहिमा काळ ठाऊक असलेल्या दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागत.

डेटाबेसचं एसक्यूएल शिकवताना मी हेच उदाहरण घेते. एक तक्ता पत्रांचा, दुसरा मोहिमांचा. 'एक्झिस्ट्स'ची अट घातली, की पहिल्यातल्या ज्या ओळींना दुसऱ्यात जोड सापडते, तेवढ्याच उरतात. पण नुसतं 'बाजीराव' नाव जुळवलं, तर थोरले (१७२०-४०) आणि दुसरे (१७९६-१८१८) बाजीराव एकत्र येतात! म्हणून नाव आणि मोहीम, दोन्ही जुळवायचं. चाळणी चुकली तर इतिहासच चुकतो.

१९५९ साली रियासतकार कामशेतलाच वारले. पुढच्या वेळी ते स्टेशन आलं, की मुलांना त्यांच्याबद्दल जरूर सांगा.