विश्लेषण : विशीतल्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली जगभरची सेवासंस्था… कोण होते फ्रेडरिक ओझानाम?

मुंबई, वसई किंवा गोव्यातल्या अनेक चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर काही माणसे गरीब कुटुंबांसाठी मदत गोळा करताना दिसतात. कुणाच्या घरी रेशन, कुणाच्या मुलाची फी, कुणाची औषधे हे सगळे ही मंडळी पाहतात. त्यांना पगार नसतो आणि ती धर्मगुरूही नसतात. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, बोलीभाषेत ‘एसव्हीपी’, या संस्थेचे ते स्वयंसेवक. नाव सतराव्या शतकातल्या संताचे असले तरी संस्था सुरू केली ती पॅरिसमधल्या कॉलेजच्या पोरांनी, 1833 मध्ये. त्यांच्यातला सर्वांत ठळक चेहरा होता फ्रेडरिक ओझानाम यांचा.

घर कसे होते?

ओझानाम यांचा जन्म 23 एप्रिल 1813 चा, इटलीतल्या मिलानमधला. वडील नेपोलियनच्या सैन्यातून बाहेर पडून डॉक्टर झालेले. चौदा भावंडांपैकी प्रौढ आयुष्य जगली ती तीनच. लाडकी बहीण एलिझा एकोणिसाव्या वर्षी गेली, तेव्हा फ्रेडरिक सात वर्षांचे होते. कुटुंब लवकरच फ्रान्समधल्या लिऑनला परतले. रेशीम विणणाऱ्या कामगारांचे हे शहर. मजुरीच्या दरावरून 1831 मध्ये आणि पुन्हा 1834 मध्ये तिथे विणकरांचे उठाव झाले. वडील गरिबांकडून पैसे घेत नसत. एका गरीब रुग्णाच्या घरचा जिना चढता-उतरताना पडूनच पुढे 1837 मध्ये त्यांचा अंत झाला.

अशा भाविक घरातला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी मात्र पुरता गोंधळला होता. देव आहे का, चर्च सांगते ते खरे का, या प्रश्नांनी त्याची झोप उडाली. नोआरो नावाच्या तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने, जे स्वतः धर्मगुरू होते, त्याला लांबच लांब फेरफटक्यांत बोलते केले. श्रद्धा परत आली, पण शंका घेणाऱ्यांविषयीची सहानुभूती गेली नाही. हे महत्त्वाचे, कारण पुढे त्यांचा सगळा मार्ग अशाच एका शंकेखोराच्या प्रश्नामुळे बदलला.

पॅरिसला जाऊन काय झाले?

1831 च्या शेवटी कायदा शिकण्यासाठी ते पॅरिसला आले. वडिलांच्या ओळखीमुळे आंद्रे-मारी आंपेर यांच्या घरी राहायला मिळाले. विजेच्या प्रवाहाचे ‘अँपिअर’ हे एकक ज्यांच्या नावावर आहे, तेच हे शास्त्रज्ञ. एवढा मोठा विज्ञानाचा माणूस निष्ठेने चर्चमध्ये प्रार्थना करतो, हे पाहून या तरुणाला मोठा आधार वाटला.

कारण बाहेरची हवा निराळी होती. सॉर्बोनमधले काही प्राध्यापक वर्गातच धर्माची टर उडवत आणि कॅथलिक विद्यार्थी मूठभर होते. ओझानाम आणि मित्रांनी लेखी आक्षेप पाठवायला सुरुवात केली. एमॅन्युएल बायी या संपादकाने चालवलेल्या चर्चामंडळात ते इतिहासावर वाद घालत. तिथे सर्व मतांचे तरुण येत.

याच मंडळात सेंट-सिमोन यांच्या समाजवादी विचाराच्या एका तरुणाने त्यांना गाठले. ख्रिस्ती धर्माने पूर्वी खूप केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असा त्याचा रोख होता. आदल्याच वर्षी, 1832 मध्ये, पॅरिसमध्ये कॉलऱ्याने सुमारे अठरा हजार माणसे मेली होती. त्यामुळे प्रश्न हवेतला नव्हता. वादात उत्तर देण्यासारखे ओझानाम यांच्याकडे फारसे काही नव्हते. बैठकीतून निघाल्यावर त्यांनी आणि मित्र ल तायांदिए याने आपल्या खोलीतली उरलेली जळाऊ लाकडे एका गरीब घरी नेऊन टाकली, असे सांगितले जाते.

पहिली बैठक कशी होती?

23 एप्रिल 1833 रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, बायी यांच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी आणि चाळिशीच्या जवळ आलेले बायी. अध्यक्षपद विद्यार्थ्यांनी बायींकडे दिले.

दानधर्माची आवड होती, पण गरीब कुठे राहतात आणि त्यांना नक्की काय लागते, याचा या सुशिक्षित मुलांना पत्ता नव्हता. मग त्यांनी एका जाणत्या बाईला विचारले. मुफेतार या दरिद्री वस्तीत रोझाली रेंद्यू या धर्मभगिनी कित्येक वर्षे काम करत होत्या. कोणत्या घरी जायचे हे त्यांनी ठरवून दिले, भाकरीची आणि लाकडाची कुपने दिली आणि गरिबाशी कसे वागायचे तेही शिकवले. संस्थेच्या इतिहासात त्यांचा वाटा अनेकदा एका ओळीत उरकला जातो, तो अन्यायच आहे.

ओझानाम यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या घरातच गाठ पडली. पाच मुलांची आई कष्ट करायची आणि दारुडा नवरा पैसे हिसकावून घ्यायचा. लग्न कायद्याने झालेलेच नाही, हे कायद्याच्या या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. त्याने तिला त्या माणसापासून मोकळे करवले, वर्गणी काढून तिला धाकट्या मुलांसह ब्रिटनीला माहेरी पाठवले आणि मोठ्या दोघांना बायींच्या छापखान्यात काम मिळवून दिले. भाकरीच्या कुपनाने यातले काहीच झाले नसते.

स्वयंसेवकांना बांधून कसे ठेवले?

पगार नाही, सक्ती नाही, त्यात परीक्षा जवळ आलेल्या. अशी मुले आठवडाभरात पांगतात, हा कुठल्याही युवक मंडळाचा अनुभव. इथे काही साध्या सवयी लावल्या गेल्या. बैठक दर आठवड्याला. मदत कचेरीत बोलावून द्यायची नाही, घरी जाऊन द्यायची आणि जोडीने जायचे. बैठकीच्या शेवटी गुप्त वर्गणी फिरवायची, म्हणजे कुणी किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळू नये. श्रीमंत घरचा मुलगा आणि फाटक्या कोटातला मुलगा यांना एका बाकावर बसता येणे या एका नियमाने सोपे केले. प्रार्थना आणि मैत्री ही दोन्ही कामे म्हणूनच मोजली जात.

खरी कसोटी यश मिळाल्यावर लागली. 1834 अखेरपर्यंत सभासद शंभरावर गेले आणि एका खोलीत मावेनात. गट फोडावा, असे ओझानाम यांचे मत. जुन्या सदस्यांना ते सहन होईना, कारण मैत्रीसाठीच तर ते आले होते. डिसेंबरच्या बैठका कडवट झाल्या, काहींना रडू आवरले नाही. अखेर 1835 च्या सुरुवातीला दोन गट झाले. त्याच वर्षी नियमावली लिहिली गेली आणि नीम शहरात शाखा निघाली. पुढच्या वर्षी रोममध्ये. त्या डिसेंबरात जुन्या मित्रांचे ऐकले असते, तर संस्था बहुधा एका खोलीतच राहिली असती.

ओझानाम स्वतः कधीच संस्थेचे अध्यक्ष झाले नाहीत. बायींनंतरही ते पद इतरांकडे गेले, हे उपाध्यक्षच राहिले. संस्थापक म्हटलेले त्यांना आवडत नसे.

संसार आणि सॉर्बोन

1836 मध्ये कायद्याची डॉक्टरेट, 1839 मध्ये दांतेवरील प्रबंधासाठी साहित्याची. 1840 च्या अवघड स्पर्धा परीक्षेत पहिला क्रमांक आणि मग सॉर्बोनमध्ये परकीय साहित्याचे अध्यापन, जिथे 1844 मध्ये ते प्राध्यापक झाले. धर्मगुरू व्हावे का, हा प्रश्न काही वर्षे छळत होता. 1841 च्या 23 जूनला त्यांनी आमेली सुलाक्रवा यांच्याशी लग्न केले आणि तो सुटला. मित्र व प्रसिद्ध धर्मोपदेशक लकोर्देर यांना हे रुचले नाही. ओझानाम यांना सापळा चुकवता आला नाही, असे ते म्हणाल्याचे पोपच्या कानी गेले. तेव्हा ख्रिस्ताने सहा संस्कार आणि एक सापळा स्थापन केल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, असा टोला पोपनी मारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दर महिन्याच्या 23 तारखेला ओझानाम पत्नीला फुले देत. 1845 मध्ये त्यांना मारी ही मुलगी झाली.

1848 मध्ये नेमके काय बिनसले?

फेब्रुवारीत राजा पळाला, प्रजासत्ताक आले. ओझानाम यांनी लकोर्देर यांच्यासोबत वृत्तपत्र काढले आणि चर्चने श्रीमंतांऐवजी कामगारांच्या बाजूला उभे राहावे, असे लिहिले. अनेक कॅथलिकांना ते भयंकर वाटले. निवडणूक लढवली, हरले.

जूनमध्ये बेरोजगार कामगार रस्त्यावर उतरले आणि सैन्याने गोळ्या चालवल्या. नॅशनल गार्डमध्ये असलेल्या ओझानाम यांना वाटले, आर्चबिशप मध्ये पडले तर रक्तपात थांबेल. दोन मित्रांसह ते आर्चबिशप अफ्र यांच्याकडे गेले. अफ्र यांनी ऐकले, पण तिघांना सोबत येऊ दिले नाही. 25 जूनला बॅस्टिल चौकातल्या मोर्चेबंदीपाशी त्यांना गोळी लागली आणि 27 ला ते गेले. ज्यांनी त्यांना जायला सुचवले, त्यांना हे ओझे घेऊन जगावे लागले. ओझानाम लिहीत राहिले, वस्त्यांत जात राहिले. पुढच्या वर्षी कॉलरा परतला, तेव्हा संस्थेचे तरुण रुग्णांच्या घरी होते.

अखेर

मूत्रपिंडाच्या आजाराने शरीर पोखरले होते. 1852 मध्ये प्राध्यापक तास घेत नाहीत म्हणून विद्यार्थी ओरडत असल्याचे कळताच ते अंथरुणातून उठून वर्गात गेले. तो त्यांचा शेवटचा तास ठरला. हवापालटासाठी इटलीला गेल्यावरही तिथल्या शाखांना भेटी सुरूच होत्या. 1853 च्या 23 ऑगस्टला समुद्रकाठच्या त्या आजारातही त्यांनी आमेलींसाठी मेंदीसारख्या मर्टल झुडपाची फांदी मागवली. 8 सप्टेंबरला मार्सेलमध्ये त्यांचे निधन झाले, वय अवघे चाळीस.

स्त्रियांना या संस्थेत सुरुवातीला जागा नव्हती. इटलीतल्या बोलोन्यामध्ये 1856 मध्ये त्यांनी स्वतंत्र संस्था काढली आणि दोन्ही एकत्र यायला 1967 साल उजाडले. ओझानाम यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘धन्य’ घोषित केले ते 22 ऑगस्ट 1997 रोजी, जागतिक युवा दिनासाठी जगभरचे तरुण पॅरिसमध्ये जमले असताना. सोहळा नोत्र दाममध्ये झाला. याच चर्चमध्ये तरुणांना समजेल अशी प्रवचने व्हावीत, म्हणून विद्यार्थी ओझानाम आर्चबिशपकडे अर्ज घेऊन खेटे घालत असत.