ऊन पाण्याकाठचे शिबिर

फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट (१८८२–१९४५) हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदी चार वेळा निवडून आले. महामंदी आणि दुसरे महायुद्ध या दोन संकटांतून राष्ट्राला नेणारे मुत्सद्दी म्हणून जग त्यांना ओळखते. त्या पदावर येण्यापूर्वी जॉर्जिया राज्यातील एका आडगावी त्यांनी अपंगांच्या शिबिराची धुरा वाहिली होती, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

सधन घराणे, हार्वर्डचे शिक्षण, नौदल खात्यातील मोठा हुद्दा आणि १९२० साली उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी, असा त्यांचा प्रवास चढता होता. जुलै १९२१ च्या अखेरीस न्यूयॉर्कजवळील बेअर माउंटन येथे बालवीरांच्या उन्हाळी शिबिराला ते भेट देऊन आले आणि ऑगस्टमध्ये कँपोबेलो बेटावर त्यांना पोलिओने गाठले. संसर्ग त्या शिबिरातच झाला असावा, असे अनेक चरित्रकार मानतात. वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले.

वॉर्म स्प्रिंग्ज येथील ऊन झऱ्याच्या पाण्यात पोहून एका पोलिओग्रस्त तरुणाला बळ आले, असे कानी पडल्यावर ऑक्टोबर १९२४ मध्ये रूझवेल्ट तेथे गेले. ते स्थळ म्हणजे एक मोडकळीस आलेले विश्रामस्थान, भोवती जुनी कुटिरे आणि सुमारे ३१ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्याचा तलाव. पाणी शरीराचा भार पेलत असल्याने दुर्बल स्नायूंनाही तेथे हालचाल साधत असे. ही वार्ता वृत्तपत्रांतून पसरली आणि १९२५ च्या वसंतात देशभरातून पोलिओग्रस्त येऊन थडकले. ना वैद्य, ना सेवक. रूझवेल्ट स्वतःच तलावात उतरले. कोणता स्नायू किती हलतो याच्या नोंदी ते ठेवू लागले, व्यायाम शिकवू लागले, मुलांबरोबर पाण्यात खेळू लागले. सारे त्यांना थट्टेने डॉक्टर म्हणत.

विश्रामस्थानातील धडधाकट पाहुण्यांना हे रुचले नाही. रोग लागेल या भयाने त्यांनी अपंगांच्या शेजारी भोजन करण्यास हरकत घेतली. तेव्हा रुग्णांसाठी स्वतंत्र भोजनगृहाची आणि तलावाची सोय झाली. पुढे १९२६ साली रूझवेल्ट यांनी ती जागाच विकत घेतली. त्यासाठी सुमारे दोन लक्ष डॉलर, म्हणजे स्वतःच्या मालमत्तेचा मोठा वाटा, त्यांनी पणाला लावला. लगोलग वैद्यकीय चाचणी करविली, तज्ज्ञ नेमले आणि १९२७ मध्ये विश्वस्त संस्था स्थापन केली.

तेथील दिनक्रम रुग्णालयाचा नव्हता. व्यायामाच्या जोडीला वनभोजने, नाटके, पत्ते असत. चाकांच्या खुर्च्या ढकलण्यासाठी तरुण मुले नेमली जात. कोणी टक लावून पाहत नसे, कारण बहुतेकांच्या पायांत लोखंडी पट्ट्या होत्या. सार्वजनिक जीवनात आपली खुर्ची सहसा दिसू न देणारे रूझवेल्ट येथे मोकळेपणाने वावरत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही आभारप्रदर्शनाच्या सणाला ते रुग्णांच्या पंगतीत बसत आणि टर्की स्वहस्ते कापून वाढीत.

या चित्राला एक काळी कडा होती. दक्षिणेतील वर्णभेदाच्या प्रथेनुसार कृष्णवर्णीय रुग्णांना तेथे प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र उघडले ते १९४१ साली. अवहेलनेची झळ सोसलेल्यांच्या आश्रयस्थानाचे दारही सर्वांना खुले नव्हते.

रूझवेल्ट स्वतः पुन्हा आधारावाचून कधीच चालू शकले नाहीत. ज्या उपचारासाठी ते आले तो त्यांच्यापुरता निष्फळ ठरला. तरी ते तेथे येत राहिले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी तेथील आपल्या छोट्या घरातच त्यांनी देह ठेवला.

त्यांनी १९३८ साली स्थापिलेल्या पोलिओविरोधी राष्ट्रीय प्रतिष्ठानाने सामान्य जनतेकडून नाण्यानाण्यांनी निधी जमविला. त्याच निधीतून जोनास साल्क यांचे संशोधन झाले. त्यांची लस यशस्वी ठरल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्ट यांच्या दहाव्या पुण्यतिथीच्या दिवशी झाली. भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला तो मार्च २०१४ मध्ये. वॉर्म स्प्रिंग्ज येथे अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य त्यांच्या निधनानंतरही चालू राहिले.