गाणारी, भांडणारी शांता आपटे

एडिथ पियाफ हे नाव हॉस्टेलमध्ये आता बऱ्याच जणींना माहीत झालंय. कोणी २००७ सालचा तिच्यावरचा फ्रेंच सिनेमा बघितला, कोणी फ्रेंचचे क्लास लावले, आणि आमच्या विंगमध्ये तर सबमिशनच्या रात्री तीच गाणी वाजत असतात. पॅरिसच्या रस्त्यांवर गाऊन पोट भरणारी, पावणेपाच फुटांच्या आसपास उंचीची एक मुलगी. १९३५ साली एका नाइटक्लबच्या मालकाने तिचं गाणं ऐकलं, तिला नाव दिलं, आणि पुढे ती सगळ्या फ्रान्सचा आवाज झाली. नाटक-सिनेमांतही तिने कामं केली. जन्म डिसेंबर १९१५, मृत्यू ऑक्टोबर १९६३.

आता दुसरं नाव सांगते. जन्म १९१६, मृत्यू फेब्रुवारी १९६४. म्हणजे दोघींची आयुष्यं जवळजवळ एकावर एक ठेवता येतील अशी. हीसुद्धा गायची, अभिनय करायची, आणि कोणाचं ऐकून घ्यायची नाही. हिचं नाव शांता आपटे. हे नाव मी विंगमध्ये घेतलं तेव्हा एकीने विचारलं, कोण, त्या लेखिका का?

म्हणून हा लेख. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझ्या मराठीत कधी कधी खडे लागतील, तेवढं सांभाळून घ्या. संगीतातलं मला फार कळतं असंही नाही. पण ज्या देवगिरीच्या पायथ्याशी आपण राहतो तिथे यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. अशा गावात राहून एका गाणाऱ्या बाईबद्दल चार पानं लिहायला काही हरकत नसावी.

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. सोलापूरहून वाडीकडे गाडी जाते त्या वाटेवरचं हे स्टेशन. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, पण गाण्याचे शौकीन. मुलीचा गळा चांगला आहे हे घरात लवकर कळलं. तिला पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात शास्त्रोक्त शिक्षण मिळालं आणि पुण्याच्या गणेशोत्सवात ती गाऊ लागली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या मुलीने उत्सवात गाणं ही एक गोष्ट होती, आणि सिनेमात जाणं ही पार वेगळी गोष्ट होती. तरी ती गेली. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये राधेचं काम तिने केलं. भारतात बोलपट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मुंबईत हा सिनेमा पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. सुरुवात वाईट नव्हती.

खरी ओळख मिळाली ती प्रभातमध्ये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ च्या सुमारास पुण्याला आली. पुण्यात आल्यावरचा त्यांचा पहिला मोठा सिनेमा म्हणजे व्ही. शांतारामांचा ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यात शांताबाई सुमित्रेच्या भूमिकेत होत्या. मुख्य नायिका नलिनी तर्खड, पण शांताबाईंची गाणी लोकांच्या तोंडी बसली. सिनेमा मराठीत होता आणि हिंदीतही, त्यामुळे सोलापूरकडच्या या मुलीला उर्दू गझल गावी लागली आणि तिने ती उत्तरेकडच्या लोकांनाही आवडेल अशी गायली.

इथे जरा तांत्रिक बोलते, आपण इंजिनिअर आहोत. सुरुवातीच्या बोलपटात नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता प्रत्यक्ष गात असे. माइक वर लटकलेला, वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठेतरी लपलेले. नटाने जरा मान वळवली की आवाज कमी. म्हणून त्या काळचे गाणारे नट खिळून ठेवल्यासारखे उभे राहून गातात. आपल्याला ते बघताना हसू येतं, पण त्यांचा नाइलाज होता. शांताबाई मात्र गाताना डोळे फिरवतात, हात हलवतात, चेहऱ्यावर क्षणाक्षणाला काहीतरी चालू असतं. गाणं सुरू झालं की सिनेमा थांबला, असं त्यांच्या बाबतीत होत नाही. त्यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. आवाज त्यांच्यापेक्षा गोड असलेल्या बायका तेव्हाही होत्या.

१९३६ साली ‘अमरज्योती’ आला. त्यात दुर्गा खोटे समुद्रावर राज्य करणाऱ्या बंडखोर बाईच्या भूमिकेत आहेत आणि शांताबाई नंदिनीच्या. आणि मग १९३७ साली आला ‘कुंकू’, हिंदीत ‘दुनिया न माने’.

ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी हा सिनेमा केला. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न मामा पैशासाठी एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतो, तेही फसवून. म्हातारा म्हणजे काकासाहेब, आणि हे काम केशवराव दात्यांनी केलंय. विषय नवीन नव्हता. देवलांनी ‘शारदा’ नाटकात तो १८९९ सालीच मांडला होता. बालविवाहाविरुद्धचा कायदाही १९२९ साली झाला होता (त्याला शारदा कायदा म्हणतात, पण तो हरबिलास सारडांच्या नावावरून, नाटकावरून नव्हे). नवीन होतं ते नीरेचं वागणं. ती विहिरीत उडी मारत नाही, रडत बसत नाही, नशिबाला बोल लावत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती घरातल्या घरात, रोज, प्रत्येक कृतीतून सांगत राहते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. वयाने तिच्याएवढा असलेला सावत्र मुलगा लगट करायला जातो तेव्हा त्याला ती चांगला चोप देते. थिएटरात त्या वेळी काय झालं असेल याची कल्पना करा.

शेवट मला पूर्ण पटत नाही हे सांगून टाकते. काकासाहेबांना आपली चूक कळते आणि तिला मोकळं करण्यासाठी ते जीव देतात. म्हणजे नीरेची सुटका शेवटी म्हाताऱ्याच्याच हातून होते. पण १९३७ सालच्या लेखकाने आणखी किती पुढे जायचं हाही प्रश्न आहेच.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, भांड्यांचे आवाज, जे प्रसंगात असेल तेवढंच ऐकू येतं. संगीत केशवराव भोळ्यांचं. आणि त्यात एक गाणं चक्क इंग्रजी आहे! लाँगफेलोची ‘ए साम ऑफ लाइफ’ ही कविता नीरा गाते. ही कविता आम्हाला शाळेत पाठ होती, प्रार्थनेनंतर सगळ्या मुली एका सुरात म्हणायचो आणि कोणाचंही अर्थाकडे लक्ष नसायचं. पण पुण्यातल्या वाड्यात, नऊवारीतल्या बायकांच्या घरात, फसवून आणलेली मुलगी एकटीच ती कविता गाते तेव्हा तिला एकदम धार येते. आपल्या बाजूचं घरात कोणी नाही, तर पुस्तकातलं कोणीतरी सोबतीला घ्यायचं, असं ते आहे. शांताबाईंचे उच्चार आमच्या सिस्टरना चालले नसते, पण गाणं विसरत नाही. ‘कुंकू’ पुढे व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही दाखवला गेला.

लोकांनी नीरा आणि शांता आपटे यांत फार फरक ठेवला नाही, आणि शांताबाईंनीही तो ठेवू दिला नाही. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल म्हणजे त्या काळची मोठी असामी. त्यांच्या लेखणीला भलेभले नट घाबरत. त्यांनी शांताबाईंबद्दल काहीतरी वेडंवाकडं छापलं, तेव्हा त्या छडी घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना झोडपून आल्या, असा किस्सा सिनेमावाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. सांगणारा बदलला की मीठमसाला बदलतो. पण हा किस्सा दुसऱ्या कुठल्याही नटीच्या नावावर चिकटला नाही, हेही लक्षात घ्या.

१९३८ सालच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये त्या राधा झाल्या. कृष्ण होता राम मराठे, म्हणजे पुढचे पंडित राम मराठे. आणि त्यानंतर लगेच प्रभातशी त्यांचं बिनसलं.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. नटनट्या कंपनीच्या नोकरीत असत. महिन्याचा पगार ठरलेला, रोज हजेरी, काम असो नसो. कराराच्या मुदतीत बाहेरच्या कंपनीत काम करायचं नाही. आपल्यातल्या प्लेसमेंट झालेल्या सीनियर्सना विचारा, बॉन्ड नावाची चीज काय असते ते. आमच्या ओळखीच्या एका सीनियरला नोकरी सोडायची होती, तर कंपनीने त्याची मूळ मार्कशीट अडकवून ठेवली होती. तो बिचारा सहा महिने गप्प बसला. १९३९ च्या जुलैमध्ये शांताबाई गप्प बसल्या नाहीत. पगार आणि करारावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी प्रभातच्या फाटकाशीच उपोषणाला बसून घेतलं. रात्रसुद्धा तिथेच काढली. अख्ख्या देशाला माहीत असलेली नटी स्टुडिओच्या दारात उपाशी बसली आहे, ही बातमी पसरायला काय वेळ लागणार! त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं, त्यामुळे या हत्याराचं वजन लोकांना ठाऊक होतं. पण सिनेमातल्या बाईने पगारासाठी ते उचलावं हे बऱ्याच जणांना रुचलं नाही. नाटकं करतेय, असंही लोक म्हणाले. शेवटी डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी उपोषण सोडलं, आणि प्रभातही सोडली.

प्रभातच्या त्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला आणि त्यात उपोषणही झालं. त्यातल्या किती जणांना शांताबाई आठवल्या असतील कोण जाणे.

पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी एक पुस्तक काढलं. नाव ‘जाऊ मी सिनेमात?’. नावावरून वाटेल की नट्यांच्या आठवणी, साड्या, पार्ट्या. तसं काही नाही. सिनेमा हा धंदा आहे, त्यात भांडवल कोणाचं, कष्ट कोणाचे, नट म्हणजे पडद्यावर देव असला तरी कारखान्यात राबणारा कामगार कसा आहे, त्याच्या शरीराची झीज कशी होते, हे त्या मांडतात. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना डोळे उघडे ठेवून यायला सांगतात. चोविशीतल्या बाईचं हे लिखाण! पुढे कित्येक वर्षं ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. अलीकडे सिनेमाच्या अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलंय. देबश्री मुखर्जी यांच्या ‘बॉम्बे हसल’ (२०२०) या इंग्रजी पुस्तकात शांताबाईंच्या विचारांची गंभीरपणे दखल घेतली आहे. मराठीत मात्र आपण अजून छडीच्याच किश्श्यावर अडलोय.

प्रभात सुटल्यावर त्या देशभर फिरल्या. १९४१ साली मद्रासकडच्या तमिळ ‘सावित्री’मध्ये त्या सावित्री झाल्या. त्यासाठी तमिळ शिकल्या, गाणीही स्वतः गायली. त्यात नारदाचं काम कोणी केलं असेल? एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी! त्यांना ‘कल्की’ हे साप्ताहिक सुरू करायला पैसे उभे करायचे होते. एकाच पडद्यावर या दोघी, हे वाचून मला तरी बरंच वेळ खरं वाटलं नव्हतं. पाठोपाठ १९४२ साली लाहोरचा ‘जमीनदार’, संगीत गुलाम हैदर यांचं. मग ‘दुहाई’ (१९४३) नूरजहाँबरोबर, ‘वाल्मीकी’ (१९४६) पृथ्वीराज कपूरबरोबर. ‘भाग्यरेखा’ (१९४८) मध्ये त्यांच्याबरोबर आपले पु. ल. होते. सिनेमे बरेच झाले, पण ‘कुंकू’ची सर कशालाच आली नाही, असं माझं मत. त्यांना नीरेसारखी दुसरी भूमिका कोणी लिहूनच दिली नाही.

१९४६ सालच्या ‘सुभद्रा’मध्ये त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलीबरोबर द्वंद्वगीत गायलं. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. पुढच्या तीन वर्षांत सगळा नकाशा बदलला. प्लेबॅकचं तंत्र १९३५ पासून होतंच, पण आता ते पूर्ण रुळलं. गाणारी वेगळी आणि दिसणारी वेगळी, अशी सोय झाल्यावर दोन्ही कामं एकटीने करणाऱ्यांची गरज संपली. पियाफला हा प्रश्न आला नाही, कारण फ्रान्समध्ये गायकाला स्वतःचं स्टेज होतं, शेवटपर्यंत ती तिथे उभी राहून गाऊ शकली. आपल्याकडे लोकप्रिय गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं. पडदा गेला की आवाजही गेला.

पन्नाशीच्या दशकात शांताबाईंची कामं कमी कमी होत गेली. पौराणिक सिनेमे, छोट्या भूमिका. ‘रामभक्त बिभीषण’ (१९५८) हा अखेरच्या सिनेमांपैकी. मग काही महिन्यांचं आजारपण, आणि २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत अंधेरीला त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीसच्या आतबाहेर. पियाफ गेली तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर माणसांचा समुद्र लोटला होता, गाड्या अडून पडल्या होत्या. तिला जाऊन तेव्हा साडेचारच महिने झाले होते.

मराठी रंगभूमीवरच्या नयना आपटे या शांताबाईंच्या कन्या. त्याही गातात आणि अभिनयही करतात.