जपानी लोकांनी पूर्वजांबद्दल विचारलं आणि फ्रान्सिस झेवियर यांच्याकडे दिलासाच नव्हता

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकात चांदीच्या पेटीत ज्यांचं शव ठेवलंय, ते सेंट फ्रान्सिस झेवियर. नाव सगळ्यांना माहिती. पण मेलेल्या माणसाला शिक्षेतून सोडवता येतं का, या वादात हा माणूस कसा सापडला होता, ते फारसं कुणी सांगत नाही.

झेवियर यांचा जन्म १५०६ चा, स्पेनजवळच्या नावार राज्यातला. ते ११ वर्षांचे असताना जर्मनीत मार्टिन ल्यूथरने चर्चविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. भांडण होतं इंडल्जन्सचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला पापमुक्तीपत्र म्हणतात त्याचं.

आता हे थोडं नीट समजून घ्या. कॅथलिक शिकवणीप्रमाणे पाप कबूल केलं की माफी मिळते, पण शिक्षेचा काही भाग उरतोच. तो भोगून शुद्ध व्हायची अवस्था म्हणजे पर्गेटरी, शुद्धिस्थान. इंडल्जन्सने ही उरलेली शिक्षा कमी होते, आणि जिवंत माणसं प्रार्थना, दानधर्म करून मेलेल्यांनाही मदत करू शकतात. पितृपक्षात पान वाढणाऱ्या माणसाला यामागची ओढ वेगळी सांगायला नको. घोळ झाला तो पैशाने. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी ही पत्रं गावोगावी विकली गेली आणि ल्यूथर भडकला. पुढे तर त्याने शुद्धिस्थानच नाकारलं.

झेवियर मात्र जुन्या शिकवणीला धरून राहिले. पॅरिसमध्ये शिकताना इग्नेशियस लोयोला भेटले, त्यातून जेझुइट संघ उभा राहिला आणि ६ मे १५४२ ला झेवियर गोव्यात उतरले. त्याच वर्षी त्यांनी गव्हर्नरच्या वतीने गोव्यासाठी पोपकडून इंडल्जन्स मागितले. पुढे मसाल्याच्या बेटांवर, तेर्नातेत, त्यांनी एक माणूसच नेमला. एका हातात कंदील, दुसऱ्यात घंटा घेऊन तो रात्री फिरायचा आणि शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा म्हणून हाळी द्यायचा. (याच काळात, १५४६ मध्ये, भारतात इन्क्विझिशन आणा असं पत्र त्यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलं. तो विषय वेगळा, आणि मोठा.)

खरी कसोटी जपानमध्ये लागली. १५४९ मध्ये ते तिथे पोहोचले. तिथले काही बौद्ध भिक्षू आम्ही लोकांना नरकातून सोडवतो असं सांगत. आम्हाला पैसे द्या, परलोकात दसपट मिळतील, असं म्हणून चक्क चिठ्ठीही लिहून देत. झेवियर यांनी यावर सडकून टीका केली. युरोपात ल्यूथरने त्यांच्याच चर्चवर जवळपास हाच आरोप केला होता, ही त्यातली गंमत.

यामागुचीत लोक ख्रिस्ती झाले आणि त्यांनी विचारलं, आमच्या मेलेल्या आईबापांचं, आजी-आजोबांचं काय? दान दिलं, प्रार्थना केली तर ते सुटतील का?

गोव्यात घंटा वाजवत फिरणाऱ्या, तेर्नातेत आत्म्यांसाठी हाळी द्यायला लावणाऱ्या माणसाचं उत्तर होतं, नाही. कारण शिकवणीचा नियम असा की शुद्धिस्थान देवाच्या कृपेत मेलेल्यांसाठी. नरकात गेलेल्याला कुणाची प्रार्थना पोहोचत नाही, आणि हे पूर्वज नरकात आहेत असंच झेवियर मानत होते.

लोक रडले. देव दयाळू आहे तर त्यांना बाहेर का काढत नाही, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. झेवियर यांनी १५५२ मध्ये युरोपला पाठवलेल्या पत्रात हे सगळं लिहिलंय. ज्यावर उपाय नाही अशा गोष्टीसाठी जिवाभावाची माणसं रडताना पाहून आपल्यालाही वाईट वाटलं, हेही त्यात आहे. पण उत्तर त्यांनी बदललं नाही.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तापाने ते गेले. वय ४६. इंडल्जन्सच्या नावाने चालणारी पैशाची कमाई बंद करा, असा आदेश चर्चच्या ट्रेंट परिषदेने काढला तो त्यानंतर ११ वर्षांनी, १५६३ मध्ये. शुद्धिस्थानाची शिकवण मात्र तशीच ठेवली.