अनवाणी पाय आणि आर्थर लोस

वर्गातली निम्मी मुले अनवाणी यायची, मीही. पुढे डॉक्टरकी शिकताना आर्थर लोस यांची ओळख झाली. जन्म १८६१, जर्मनीत. काम कैरोत, अंकुशकृमींवर. एकदा अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले. कातडी लाल झाली, खाज सुटली. पुढे त्यांच्याच शौचात कृमींची अंडी सापडली! अळ्या कातडीतून शिरून रक्तावाटे फुप्फुसांत, मग घशातून आतड्यात पोचतात, हे कुणाला पटेना. तेव्हा एका रुग्णाच्या कापायच्या पायावर तासभर आधी अळ्या सोडून त्यांनी त्या कातडीत शिरलेल्या दाखवल्या. महायुद्धामुळे कैरो सुटले. १९२३ साली ते वारले. चपला घाला म्हणून रोज ओरडणाऱ्या आपल्या बाईंना हे ठाऊक होते का, विचारायचे राहूनच गेले.